धावत्या मॅक्रोची नाडीपरीक्षा

'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या ब्रिटनमधील शासकीय संस्थेच्या दैनंदिन आकडेवारीतून २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या कालावधीतील कोविडचे १५,८४१ रुग्ण वगळले गेले होते. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या फाइली एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या तक्त्यांत आपोआप ओतणारी यंत्रणा या घोटाळ्याच्या मुळाशी होती. त्या जुन्या तक्त्यात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. एकेका रुग्णाची माहिती अनेक ओळींत येत असल्याने ही मर्यादा अपेक्षेहून लवकर गाठली गेली आणि पुढील नोंदी निमूटपणे गळून पडल्या. रुग्णांना स्वतःचे निदान कळले होते. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध मात्र वेळेत सुरू होऊ शकला नाही.

यंत्रणा पहिल्याच दिवशी कोलमडली असती, तर दोष त्याच दिवशी सापडला असता. ती चालू राहिली, हाच खरा घात होता. कार्यालयांतील लहानमोठ्या मॅक्रोंबाबतही नेमके हेच म्हणावे लागते. मध्येच थांबणारा, पडद्यावर चुकीची चौकट दाखवणारा मॅक्रो त्रासदायक वाटतो. तथापि तो निदान आपला दोष कबूल करतो. 'काम पूर्ण झाले' असा संदेश देऊन अर्धेच काम करणारा मॅक्रो त्याहून कितीतरी घातक असतो. अशा मॅक्रोचा दोष शोधण्यासाठी तो चालू असताना, त्याला हात न लावता, बाहेरून पाहण्याची सोय लागते. ही सोय एका छोट्या स्क्रिप्टच्या साह्याने करता येते.

मॅक्रो : कार्यालयाचा अदृश्य कर्मचारी

मॅक्रो म्हणजे कार्यालयीन सॉफ्टवेअरला लिहून दिलेली आज्ञांची मालिका. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या 'लोटस १-२-३' मध्येही मॅक्रोची सोय होती. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स' अर्थात व्हीबीए ही भाषा आणली आणि 'ऑफिस ९७' पासून तिला आज परिचित असलेला स्वतंत्र संपादक मिळाला. त्यानंतर पगारपत्रके, व्याजाचे तक्ते, परीक्षांचे निकाल, मालसाठ्याचे अहवाल असे काय काय या भाषेवर चालू लागले, याची गणती करणे अशक्य आहे.

ही भाषा वापरणारे बहुतेक जण व्यावसायिक प्रोग्रॅमर नसतात. लेखा विभागातील एखादा हुशार कारकून दोन-तीन दुपारी खपून मॅक्रो लिहितो, कार्यालयाचा भार हलका होतो, पुढे त्याची बदली होते किंवा तो निवृत्त होतो. मॅक्रो मात्र तेथेच राहतो. त्याच्या पोटात काय आहे हे ठाऊक असलेला माणूस कार्यालयात उरत नाही. दहा वर्षांनी त्यात दोष उद्भवला की जो तो एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो.

दोष कसा निमूट असू शकतो, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. समजा, एखाद्या पतसंस्थेत ठेवींच्या व्यवहारांवरून व्याज आकारणारा मॅक्रो आहे. तक्त्यातील शेवटच्या ओळीचा क्रमांक साठविण्यासाठी लिहिणाऱ्याने 'इंटिजर' या प्रकारचे व्हेरिएबल घेतले. व्हीबीएमध्ये या प्रकारात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. किरकोळ चुकांमुळे काम अडू नये, म्हणून त्याने आरंभीच 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळही टाकून ठेवली. चूक झाली तरी पुढच्या ओळीवर जा, असा तिचा अर्थ. अनेक वर्षे सारे सुरळीत चालते. व्यवहारांची नोंद ३२,७६८ व्या ओळीवर पोहोचते त्या दिवशी शेवटच्या ओळीचा क्रमांक व्हेरिएबलमध्ये मावत नाही. चूक उद्भवते, ती गिळली जाते आणि व्हेरिएबलची किंमत मूळची शून्यच राहते. 'दुसऱ्या ओळीपासून शून्याव्या ओळीपर्यंत' असा फेरा एकदाही फिरत नाही. व्याज एकाही खात्यावर आकारले जात नाही आणि शेवटची ओळ तेवढी इमानाने चालते : काम पूर्ण झाले.

संपादकातील साधने आणि त्यांची मर्यादा

व्हीबीएच्या संपादकात दोष शोधण्याची साधने आहेत आणि ती उत्तम आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ऑल्ट आणि एफ११ या कळा एकत्र दाबल्या की संपादक उघडतो. एफ८ ने मॅक्रो एकेक ओळ पुढे सरकतो, एफ९ ने हव्या त्या ओळीवर थांबा देता येतो, कंट्रोल आणि जी या कळांनी 'इमीजिएट विंडो' उघडून कोणत्याही व्हेरिएबलची त्या क्षणीची किंमत विचारता येते. वरील पतसंस्थेचा दोष एफ८ दाबत बसणाऱ्याला दहा मिनिटांत सापडेल. स्क्रिप्टच्या मागे लागण्यापूर्वी या साधनांचा पुरेपूर वापर करावा, हे सांगण्याची वेळ येते याचे कारण असे की, रोज मॅक्रो चालवणारे कित्येक जण संपादक कधी उघडतच नाहीत.

परंतु मॅक्रोला थांबवून पाहणे म्हणजे त्याचे वागणे बदलणे होय. काही दोष थांबवताच नाहीसे होतात. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ज्या मॅक्रोच्या शॉर्टकटमध्ये शिफ्ट कळ आहे, तो मॅक्रो दुसरी फाइल उघडण्याच्या आज्ञेपाशी गप्प थांबतो. चूक दाखवत नाही आणि पुढच्या ओळी चालवतही नाही. फाइल उघडताना शिफ्ट दाबलेली असेल, तर त्या फाइलीतील मॅक्रो चालवायचे नाहीत, असा एक्सेलचा संकेत आहे. त्याचा फटका मूळ मॅक्रोलाच बसतो. हाच मॅक्रो संपादकातून चालवला तर बिनतक्रार चालतो, कारण तेथे शिफ्ट दाबलेलीच नसते. 'सध्या समोर असलेला तक्ता' असे मोघम लिहिणाऱ्या मॅक्रोंचेही तसेच. पायरीपायरीने पाहताना माणूस सहज दुसऱ्या तक्त्यावर टिचकी मारतो आणि तपासणीच निकाल बिघडवते. शिवाय रात्री आपोआप चालणाऱ्या, तासभर लागणाऱ्या मॅक्रोपुढे एफ८ दाबत कोण बसणार?

दारावरची पाटी

विंडोजमधील कार्यक्रमांना एकमेकांशी बोलण्यासाठी 'कॉम' नावाची व्यवस्था आहे. एक्सेल, वर्ड, आउटलुक हे कार्यक्रम तिच्याद्वारे आपले अंतरंग बाहेरच्यांना खुले करतात. चालू असलेल्या अशा वस्तूंची नोंद 'रनिंग ऑब्जेक्ट टेबल' या यादीत होते. गृहसंकुलाच्या दारावर रहिवाशांच्या नावांची पाटी असते, तशीच ही यादी समजावी. स्क्रिप्टने पाटी वाचायची, एक्सेलचे नाव शोधायचे आणि चालू असलेल्या एक्सेललाच जाऊन भेटायचे. नवे एक्सेल उघडायचे नाही, ही यातली कळीची गोष्ट.

व्हीबीस्क्रिप्टमध्ये आणि व्हीबीएमध्येही हे काम 'गेटऑब्जेक्ट' या आज्ञेने होते. तिला दोन गोष्टी सांगता येतात : फाइलीचे नाव आणि कार्यक्रमाचे नाव. चालू एक्सेल हवे असेल तर पहिली जागा पूर्णपणे सोडून द्यावी लागते. त्या जागी रिकामे अवतरण ठेवले, तर आज्ञेचा अर्थच पालटतो आणि एक नवे, कोरे, पडद्यावर न दिसणारे एक्सेल जन्माला येते. मग स्क्रिप्ट त्या कोऱ्या एक्सेलची तपासणी करून सारे आलबेल असल्याचा निर्वाळा देत राहते. एका स्वल्पविरामाच्या अलीकडे काय ठेवले यावर संपूर्ण तपास फिरतो.

विंडोजसोबत येणाऱ्या 'विंडोज पॉवरशेल ५.१' मध्ये याच कामासाठी 'गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट' ही सोय आहे. स्वतंत्रपणे बसवाव्या लागणाऱ्या पॉवरशेल ७ मध्ये मात्र ती मिळत नाही. जुनी उदाहरणे उतरवून घेणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते. पायथन वापरणाऱ्यांना 'पायविन३२' या जोडणीतून तीच सोय त्याच नावाने उपलब्ध आहे. पायथन संगणकावर बसवण्यास अनेक कार्यालयांत परवानगी नसते. त्यामुळे आधीपासूनच असलेले विंडोज पॉवरशेल बहुतेकांना सोयीचे ठरते.

पाटीच्या बाबतीत तीन अडचणी वारंवार येतात. पहिली म्हणजे एक्सेल दोनदा उघडलेले असणे. एकाच आडनावाची दोन कुटुंबे इमारतीत राहात असतील, तर रखवालदार पाहुण्याला पहिल्याच दाराशी नेतो. तसेच येथे होते. त्यावर उपाय असा की कार्यक्रमाचे नाव न सांगता नेमक्या फाइलीचे पूर्ण नाव व मार्ग सांगावा, म्हणजे ती फाइल ज्या एक्सेलमध्ये उघडी आहे तेथेच स्क्रिप्ट पोहोचते. दुसरी अडचण अधिकारांची. एक्सेल साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात आणि स्क्रिप्ट प्रशासकाच्या अधिकारात चालत असेल, किंवा उलट, तर त्यांना एकमेकांची पाटीच दिसत नाही. समोर एक्सेल उघडे दिसत असताना 'उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर प्रथम हीच शंका घ्यावी. तिसरी अडचण किरकोळ, पण चकवणारी. ऑफिसचा कार्यक्रम सुरू झाल्यावर एकदा तरी पडद्यावरील लक्ष त्याच्याकडून दुसरीकडे जावे लागते; तोवर त्याची नोंद पाटीवर होत नाही. दुसऱ्या एखाद्या खिडकीवर टिचकी मारली की काम भागते.

एकच कारकून, एकच खिडकी

भेट तर झाली. पण एक्सेल उत्तर देईलच असे नाही. मॅक्रो एक्सेलच्या मुख्य धाग्यावरच चालतो आणि बाहेरून येणाऱ्या विचारणाही त्याच धाग्याला हाताळाव्या लागतात. एकच कारकून आणि एकच खिडकी असलेल्या कार्यालयासारखी ही स्थिती आहे. कारकून हिशेबात गढलेला असताना खिडकीपाशी आलेल्याला ताटकळावे लागते किंवा 'नंतर या' असे ऐकावे लागते. नकाराचा क्रमांक सोळांकी पद्धतीत ८००१०००१ असा असतो. पायथनमध्ये तोच उणे २१४७४१८१११ असा दिसतो. हा क्रमांक पाहून स्क्रिप्ट चुकली असे समजून ती मोडण्याचे कारण नाही. थोडे थांबून पुन्हा विचारावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. यास्तव निरीक्षण करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दोन-तीन सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करण्याची आणि किती वेळा नकार मिळाला ते टिपून ठेवण्याची तरतूद असावी. नकारांची ही नोंदही बोलकी ठरते. मॅक्रोचा कोणता टप्पा किती काळ एक्सेलला गुंतवून ठेवतो, ते तीवरून कळते.

मॅक्रोच्या लांबलचक फेऱ्यात दर काही शे ओळींनंतर 'डूइव्हेंट्स' ही आज्ञा घातली, तर कारकून क्षणभर मान वर करतो आणि बाहेरच्या विचारणेला वाव मिळतो. तथापि त्या क्षणी वापरकर्त्याच्या टिचकीलाही वाव मिळतो. मॅक्रो सुरू करणारे बटण कोणी अधीरपणे पुन्हा दाबले, तर पहिला अर्धवट असतानाच तोच मॅक्रो दुसऱ्यांदा सुरू होऊ शकतो. म्हणून ही आज्ञा तपासापुरती घालावी आणि काम झाल्यावर काढून टाकावी.

स्क्रिप्टला आत काय दिसते आणि काय दिसत नाही, हे स्पष्ट असणे आवश्यक आहे. सेलमधील मजकूर, सूत्रे, उघड्या फाइलींची नावे, शेवटची भरलेली ओळ, तळाच्या पट्टीवरील संदेश, आकडेमोड आपोआप होणार की नाही याची निवड, हे सारे दिसते. मॅक्रोच्या आतील व्हेरिएबलांच्या किमती मात्र दिसत नाहीत. वरील पतसंस्थेच्या मॅक्रोत शेवटच्या ओळीची किंमत शून्य झाली आहे, हे स्क्रिप्टला थेट कळणार नाही. तिला परिणाम कळेल : व्यवहारांच्या तक्त्यात बत्तीस हजारांवर ओळी आहेत आणि व्याजाच्या तक्त्यात आज एकही नवी ओळ आलेली नाही. नाडी पाहणाऱ्या वैद्याला हृदय दिसत नाही, तरी हृदयाविषयी बरेच कळते.

व्हेरिएबलांची किंमत बाहेर हवीच असेल, तर मॅक्रोला ती स्वतः बाहेर सांगावी लागते. तळपट्टीवर 'ओळ क्रमांक अमुक, नोंदी तमुक' असा संदेश लिहिणे हा सर्वांत सोपा मार्ग. मजकुराच्या फाइलीत वेळेसह नोंद करणे अधिक भरवशाचे, कारण एक्सेल कोसळले तरी फाइल मागे राहते. विंडोजची 'आउटपुटडीबगस्ट्रिंग' ही सोय मॅक्रोतून वापरून मायक्रोसॉफ्टच्या 'डीबगव्ह्यू' या मोफत साधनात ते संदेश तत्क्षणी पाहता येतात. एक्सेल कितीही गुंतलेले असले तरी या मार्गात अडथळा येत नाही.

तुकड्यातुकड्याने तपास

धावत्या मॅक्रोत डोकावण्यापेक्षा अनेकदा दुसरा मार्ग अधिक फलदायी ठरतो. मॅक्रोचे काम चार-पाच उपकार्यांत विभागलेले असेल, तर स्क्रिप्टने 'ॲप्लिकेशन रन' या आज्ञेने एकेक उपकार्य बाहेरून चालवावे आणि दोन उपकार्यांच्या मध्ये तक्त्याची स्थिती टिपावी. आज्ञा दिल्यावर उपकार्य संपेपर्यंत स्क्रिप्ट थांबून राहते, त्यामुळे नकाराचा प्रश्न उद्भवत नाही. कोणत्या टप्प्यापूर्वी आकडा बरोबर होता आणि कोणत्या टप्प्यानंतर बिघडला, ते दोन नोंदी शेजारी ठेवून समजते.

आपल्याकडील कार्यालयांत दोन दोष असे आहेत की ते शोधायला ही पद्धत विशेष उपयोगी पडते. पहिला तारखांचा. बँकेकडून स्वल्पविरामांनी विभागलेली फाइल आली आणि ती माणसाने टिचकी मारून उघडली, तर एक्सेल संगणकाच्या प्रादेशिक निवडीप्रमाणे ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिल समजते. तीच फाइल मॅक्रोने उघडली, तर अन्यथा सांगितले नसल्यास अमेरिकी पद्धत लागू होते आणि तारीख ४ मार्च होते. तेरा तारखेपासून पुढील नोंदी अमेरिकी पद्धतीत बसत नसल्याने त्या केवळ मजकूर म्हणून राहतात. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी जवळपास सर्व तारखा चुकीच्या आणि उरलेल्या तारखा तारखाच नाहीत. फाइल उघडण्याच्या आज्ञेत 'लोकल' हा पर्याय सुरू केला की दोष मिटतो. तो सापडतो मात्र कधी? फाइल उघडल्याबरोबर स्क्रिप्टने सेलमधील खरी किंमत वाचली तरच. डोळ्यांना ०३/०४ आणि ०४/०३ सारखेच भासतात.

दुसरा दोष पैशांच्या पूर्णांकनाचा. व्हीबीएमधील 'राउंड' आणि तक्त्याच्या सूत्रातील 'राउंड' ही एकाच नावाची दोन भिन्न कृत्ये आहेत. नेमक्या अर्ध्यावर आलेली रक्कम तक्त्याचे सूत्र वर नेते, तर व्हीबीए ती जवळच्या सम अंकाकडे नेते. १२.१२५ रुपयांचे तक्त्यात १२.१३ होतात, मॅक्रोत १२.१२. एका पैशाचा फरक. पण ताळेबंद जुळत नसेल, तर लेखापरीक्षकाला हा एक पैसा रात्र रात्र जागवतो. मॅक्रोने काढलेली रक्कम आणि त्याच आकड्यांवर तक्त्याच्या सूत्राने येणारी रक्कम यांची तुलना स्क्रिप्टने केली, की फरकाच्या ओळी तेवढ्या वेगळ्या पडतात.

मॅक्रो मध्येच मेला असेल तर मागे राहिलेल्या खुणाही तपासाव्यात. वेग वाढावा म्हणून मॅक्रो आरंभी आपोआप होणारी आकडेमोड बंद करतात आणि 'इव्हेंट्स'ही बंद करतात. शेवटी ती पुन्हा सुरू करायची असतात. मध्येच चूक झाली तर 'शेवट' येतच नाही. मग त्या दिवशी त्याच एक्सेलमध्ये उघडलेल्या दुसऱ्याच फाइलींतील बेरजा बदलेनाशा होतात आणि त्यांच्यावर नाहक संशय घेतला जातो. या दोन्ही निवडी स्क्रिप्टने बाहेरून वाचता येतात आणि पूर्ववतही करता येतात.

मराठी मजकुराचा पेच

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांसाठी बाहेरची स्क्रिप्ट जवळपास अपरिहार्यच ठरते. एक्सेलच्या सेलमध्ये देवनागरी व्यवस्थित दिसते. पण व्हीबीएचा संपादक युनिकोडपूर्व काळातला आहे. तो विंडोजच्या जुन्या धर्तीच्या 'कोड पेज'वर विसंबतो आणि देवनागरीसाठी तसे कोड पेज नाही. परिणामी संपादकात 'पुणे' लिहिले की प्रश्नचिन्हे उमटतात. इमीजिएट विंडोत मराठी नाव छापायला सांगितले तरी प्रश्नचिन्हेच. दोष शोधण्याची खिडकीच अशी आंधळी असेल, तर तपास कसा व्हावा? अशा वेळी स्क्रिप्टने सेलमधील मजकूर वाचून युनिकोड फाइलीत लिहिला, की तो नोटपॅडमध्ये नीट वाचता येतो. विंडोज पॉवरशेल ५.१ वापरताना स्क्रिप्टमध्येच मराठी अक्षरे असतील, तर ती फाइल 'बॉम'सह यूटीएफ-८ या पद्धतीने साठवावी, अन्यथा तेथेही अक्षरांची वाताहत होते.

याहून सूक्ष्म पेच दिसायला सारख्या शब्दांचा आहे. 'कऱ्हाड' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला आढळतो. एका प्रकारात स्वतंत्र 'ऱ' वापरलेला असतो, त्याचा दशमान क्रमांक २३५३. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', क्रमांक २३५२, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे क्रमांक ८२०५ चे एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही एकसारखे. मॅक्रो मात्र नेहमीच्या तुलनेत त्यांना भिन्न मानतो आणि एका तालुक्याची बेरीज दोन ठिकाणी विभागली जाते. लांबी विचारली की गुपित फुटते : पहिल्याची सहा, दुसऱ्याची सात. टंकलेखनाची साधने वेगवेगळी असलेल्या दोन कार्यालयांच्या याद्या एकत्र केल्या, की हा प्रकार घडतो. गोऱ्हे, कऱ्हाडे अशी आडनावे असलेल्यांची नावे यादीतून गळण्याचे हे एक कारण आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरे क्रमांकांनिशी फाइलीत उतरवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट येथे संपादकाच्या सर्व साधनांहून अधिक कामाची ठरते.

जुन्या फॉन्टांत टंकलिखित केलेल्या याद्या हा तर आणखी वेगळा विषय. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांतील मजकूर मराठी दिसला तरी फाइलीत तो मराठी नसतो. मॅक्रोने त्याला 'मोठ्या लिपीत करा' अशी रोमन अक्षरांसाठीची आज्ञा दिली, तर नावांची अक्षरेच बदलून जातात.

सावधगिरी

बाहेरून ऑफिसच्या आत शिरण्याची ही वाट सज्जनांइतकीच दुर्जनांनाही ठाऊक आहे. मार्च १९९९ मधील 'मेलिसा' हा विषाणू वर्डच्या मॅक्रोत दडलेला होता आणि आउटलुकच्या यादीतील पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवत होता. मे २००० मधील 'आय लव्ह यू' हा व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेला होता. या अनुभवांमुळे कार्यालयांचे संगणक विभाग स्क्रिप्टकडे संशयाने पाहतात, ते योग्यच आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो २०२२ पासून ऑफिस मूलतःच अडवते. मॅक्रोची लिखित संहिता बाहेरच्या स्क्रिप्टला वाचू देणारी एक निवड ऑफिसच्या सुरक्षाविषयक मांडणीत आहे; ती मूलतः बंद असते आणि केवळ निरीक्षणासाठी ती सुरू करण्याची गरजच नाही.

व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने विंडोजमधून काढून टाकले जाणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणून नव्या तपास-स्क्रिप्ट त्या भाषेत लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे लिब्रेऑफिस आहे, त्यांना हा कॉमचा खटाटोप करावा लागत नाही. तो कार्यक्रम ठरावीक 'पोर्ट'वर विचारणा स्वीकारण्याच्या सूचनेसह सुरू करता येतो आणि पायथनची स्क्रिप्ट त्या पोर्टवरून त्याच्याशी बोलू शकते. तो पोर्ट स्वतःच्या संगणकापुरताच खुला ठेवावा, कार्यालयाच्या जाळ्यावर नव्हे.

रात्री निर्मनुष्य कार्यालयात आपोआप चालणाऱ्या एक्सेलविषयी मायक्रोसॉफ्टचे मत प्रतिकूल आहे. असा वापर ती कंपनी पुरस्कारत नाही. कारण साधे आहे : मध्येच एखादी चौकट उघडून 'होय की नाही' असे विचारू लागली, तर उत्तर द्यायला कोणी नसते आणि चौकट सकाळपर्यंत तशीच राहते. अशा वेळी बाहेरच्या स्क्रिप्टला नकारामागून नकार मिळत राहतात. सलग दहा-पंधरा मिनिटे नकार आल्यास जबाबदार व्यक्तीला ई-मेल पाठवण्याची व्यवस्था स्क्रिप्टमध्ये केली, तर निदान पगाराच्या दिवशी सकाळी धावपळ होत नाही.

तपास नेहमी फाइलीच्या प्रतीवर करावा. मूळ फाइल बाजूला ठेवावी. स्क्रिप्टने शक्यतो केवळ वाचावे, लिहू नये. दिलेली फाइल बंद करण्याची किंवा एक्सेलमधून बाहेर पडण्याची आज्ञा निरीक्षणाच्या स्क्रिप्टमध्ये असता कामा नये, कारण ते एक्सेल तिने उघडलेले नाही. त्यात दुसऱ्या कोणाचे न साठवलेले काम असू शकते. काम संपल्यावर मात्र एक्सेलवरील आपली पकड स्क्रिप्टने सोडून दिली पाहिजे. ती तशीच राहिली, तर वापरकर्त्याने खिडकी बंद केल्यानंतरही एक्सेल पडद्याआड जिवंत राहू शकते. पुढच्या खेपेस फाइल उघडताना ती 'दुसऱ्याच्या वापरात आहे, केवळ वाचता येईल' असा संदेश येतो आणि कार्यालयभर 'फाइल कोणी उघडून ठेवली' अशी विचारपूस सुरू होते. तेव्हा टास्क मॅनेजर उघडून खिडकीविना चालू असलेले एक्सेल यादीत दिसते का, ते आधी पाहावे.